उन्हाळ्यात लेकरांना चित्रं दाखवायला मुंबईच गाठायची का?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

विषय: सुट्ट्यांत बघण्यासारखी प्रदर्शनं, म्युझियम आणि पेपरातल्या एका छोट्या चौकटीची मागणी.

परीक्षा संपल्या की पेपरात सुट्टीचं पान येतं, मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो. महाबळेश्वर असतं, कोकण असतं, समर कॅम्पच्या जाहिराती असतात. आणि चित्रांची, डिझाइनची प्रदर्शनं कुठं बघावीत अशी चौकट आलीच तर त्यात मुंबईची जहांगीर, पुण्यातल्या एकदोन गॅलऱ्या, फार झालं तर दिल्ली. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतलं एक नाव त्यात दिसत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं साहेब, कारण जगातले लोक विमानानं जे बघायला येतात ते आपल्या दारात आहे, आणि आपली लेकरं भर उन्हाळ्यात घरात बसून मोबाईलवर दुसऱ्याच कुणाची तरी चित्रं सरकवत असतात.

मी बोर्ड रंगवणारा माणूस आहे. दुकानाच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती, देवळाच्या कमानी, हेच करत उभी हयात गेली. फ्लेक्स आला तसं काम कमी झालं, पण बघायची सवय काही गेली नाही. त्यामुळं मी जे सांगतोय ते पुस्तकातल्या पंडिताचं नाही, हातात ब्रश धरणाऱ्याचं आहे एवढं ध्यानात घेऊन वाचावं ही विनंती.

आधी अजिंठा. तुम्ही म्हणाल ते काय प्रदर्शन आहे का, ती तर लेणी, शाळेच्या सहलीत झाली बघून. पण मला सांगा, सहलीत बघितलं म्हणजे नक्की काय बघितलं? सर पुढं, पोरं मागं, एका लेणीत शिरायचं अन दुसऱ्या दारानं डबा खायला पळायचं. डोळा अंधाराला सरावायच्या आतच बाहेर. अजिंठ्याला उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो, रंग टिकावेत म्हणून, फ्लॅश मारायला बंदी आहे तीही त्याचसाठी. तर आत गेल्यावर पाच मिनिटं काही न बोलता, काही न बघता नुसतं उभं राहायचं. मग भिंत हळूहळू दिसायला लागते, आधी चेहरे, मग हात, मग मागची झाडं.

आता माझ्या धंद्याच्या नजरेनं सांगतो. आम्ही भिंत रंगवतो तेव्हा आधी भिंत खरवडून चुना मारतो, दोरी मारून रेघा पाडतो, मग गेरूनं नाहीतर खडूनं कच्चं काढतो, मग रंग भरतो आणि सगळ्यात शेवटी आउटलाइन मारतो. आउटलाइन मारली की अक्षर उठून उभं राहतं. अजिंठ्याच्या पेंटरांनी दीड हजार वर्षांपूर्वी जवळपास हेच केलंय. खडबडीत दगडावर मातीचा गिलावा, त्यात दगडाची कच, भाताचा भुसा, गवताचे तंतू कालवलेले, त्यावर बारीक मातीचा दुसरा थर, वर चुन्याचा पातळ हात. त्यावर गेरूच्या लाल रेघेनं कच्चं चित्र, मग रंग, मग शेवटची गडद रेघ. जिथं रंगाचा पापुद्रा उडालाय तिथं खालची लाल रेघ आजही दिसते, सतरा नंबरच्या लेणीत अशा जागा शोधा, आणि लेकरांना दाखवा की हा माणूस आधी इथं हात काढत होता आणि मग त्यानं विचार बदलून तिथं काढला. मला तर पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चेहऱ्याइतकीच ती पुसट लाल रेघ आवडते. काम करणाऱ्याचा हात तिथं दिसतो.

रंगही बघा. गेरू, पिवळी माती, दिव्याची काजळी, पांढरी माती, हिरवी माती, हे सगळं मातीदगडातलं. निळा मात्र इथला नाही, तो लाजवर्दी दगडाचा, अफगाणिस्तानाकडून आलेला. म्हणून दहा नंबरातल्या सगळ्यात जुन्या चित्रांत तो निळा सापडत नाही आणि नंतरच्या एक, दोन, सोळा, सतरा नंबरात दिसतो. नुसता हा निळा हुडकायचा खेळ जरी लेकरांना लावून दिला ना तरी दोन तास कुठं गेले कळत नाही.

आणि एक नंबरच्या लेणीत नुसत्या भिंती बघून माघारी फिरू नका, खांबांकडं वर मान करून बघा. एका खांबाच्या वर चार हरणं कोरलीत आणि चौघांना मिळून डोकं एकच. कोणत्याही हरणाकडून बघा, ते डोकं त्याचंच वाटतं. एक बसलंय, एक मान वळवतंय, आणि कुठंही जोड दिसत नाही. आज कॉलेजातली पोरं कॉम्प्युटरवर लोगो करायला शिकतात, फी भरून शिकतात, त्यांनी हे एक हरीण तासभर बसून कागदावर उतरवावं असं मला मनापासून वाटतं. कमी रेषेत जास्त कसं सांगायचं ते त्या दगडात आहे.

दहा नंबरात एका खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आपलं नाव आणि तारीख खरडून ठेवलीय, २८ एप्रिल १८१९. म्हणजे तोही उन्हाळ्यातच आला होता बघा, शिकारीच्या नादात. त्यानंतर या चित्रांच्या नकला करायला माणसं आली, आणि त्या नकलांचं जे झालं ते प्रत्येक मराठवाड्याच्या माणसाला माहीत असावं. रॉबर्ट गिल नावाच्या अधिकाऱ्यानं १८४४ पासून वर्षानुवर्षं इथं राहून मोठमोठे कॅनव्हास केले, ते लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावले आणि १८६६ च्या आगीत जळाले. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स १८७२ पासून आपले विद्यार्थी घेऊन आले, त्यांनी पुन्हा सगळं उतरवलं, त्यातलाही बराच भाग १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेला. मग १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम आल्या, त्यांच्याबरोबर नंदलाल बोस, असित हलदार, हैदराबादचे सय्यद अहमद अशी चित्रकार मंडळी होती. तिकडं जपून ठेवलेल्या नकला जळाल्या आणि वाघूर नदीकाठच्या डोंगरातलं मूळ काम उभं आहे. अर्थात तेही झिजतंय. जुन्या काळी नकला करणाऱ्यांनी, डागडुजी करणाऱ्यांनी वरून व्हार्निश मारलं, ते पिवळं पडलं. व्हार्निश पिवळं पडतं हे आमच्या धंद्यात पोरसवदा कारागिरालाही ठाऊक असतं.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सोमवारी अजिंठा बंद, वेरूळ मंगळवारी बंद, यात दरवर्षी कितीतरी कुटुंबं फसतात. गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावायची, तिथून बस. पंधरा वर्षांखालच्या लेकरांना तिकीट नाही. मे महिन्यात दगड तापतो, म्हणून सकाळी लेणी उघडतानाच पोहोचा आणि बारापर्यंत चार-पाच लेण्या नीट बघून निघा. तिसाच्या तीस बघायचा हट्ट नको.

वेरूळबद्दल लिहायला बसलो तर पान पुरणार नाही. कैलास सगळे बघतात, तो वरून खाली कोरलाय हेही सगळ्यांना माहीत आहे. मी फक्त दहा नंबर सांगतो, विश्वकर्म्याची लेणी, लोक तिला सुतार की झोपडी म्हणतात. आत छताला लाकडी वासे असावेत तशा दगडी फासळ्या आहेत. लाकूडकाम करणाऱ्या घरातल्या पोराला तिथं नक्की न्या.

आता खरं ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते तेर. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, गोरोबाकाकांचं तेर. गोरा कुंभारांचं गाव म्हणून वारकरी तिथं जातात, पण त्याच गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहाचं सरकारी म्युझियम आहे हे लातूरच्या, बार्शीच्या माणसालाही विचारलं तर बऱ्याचदा माहीत नसतं. गावातल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या, मातीत पावसाळ्यात वर येणारे मणी, खापरं, बाहुल्या, नाणी एका गावातल्या माणसानं आयुष्यभर वेचून ठेवली. लोक ज्याला ठिकऱ्या म्हणून पायानं उडवत होते ते या माणसानं धुऊन पुसून जपलं. त्यातून हे म्युझियम उभं राहिलं.

तेर म्हणजे जुनं तगर. सातवाहनांच्या काळात पैठण आणि तगर ही दोन मोठी बाजाराची गावं होती, इथला माल घाट उतरून भडोचच्या बंदरात जायचा आणि तिथून जहाजानं रोमपर्यंत, ग्रीक भाषेतल्या एका जुन्या व्यापारी पुस्तकात हे लिहिलेलं आहे. या म्युझियममधली हस्तिदंताची बाई आवर्जून बघा. लहानशी आहे, पण दागिने, केसांची रचना, कमरेची मेखला, सगळं नखभर जागेत कोरलेलं. अशीच एक हस्तिदंती बाई १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीनं गाडलं गेलं, म्हणजे त्याच्या आधीच ती तिकडं पोहोचली होती. आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही तशीच हस्तिदंती मूर्ती निघाली, त्यामुळं ती पॉम्पेईची बाई आपल्याच भागातल्या कारागिराच्या हातची असावी असं अभ्यासक मानतात. भोकरदनच्या शाळेतल्या पोराला हे सांगून बघा, त्याचा चेहरा कसा होतो ते बघा.

तिथल्या मातीच्या बाहुल्याही हातातल्या कामाच्या नजरेनं बघण्यासारख्या आहेत. पांढऱ्या मातीच्या, आतून पोकळ. दोन साचे करायचे, एक पुढचा एक मागचा, दोन्हीत माती दाबायची, मग दोन्ही अर्धे चिकटवायचे. कडेला जोडाची रेघ असते, ती कारागिरानं बोटानं पुसून घेतलीय. गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या माणसाला तिथं उभं केलं तर त्याला कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही, तो साचा आजही तसाच आहे. तेरला गेलात की त्रिविक्रमाचं देऊळही बघा, विटांचं, मागची बाजू अर्धगोल, मुळात ते बौद्धांचं चैत्य, म्हणजे प्रार्थनेची जागा, होतं असं जाणकार सांगतात. धाराशिवहून तासाभराच्या आत पोहोचता येतं, सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी.

पैठणचं तर सगळ्यांना नाव माहीत, पण लोक नाथांचं दर्शन घेतात, धरण बघतात, बागेत आइस्क्रीम खातात आणि परत. तिथं बाळासाहेब पाटील यांच्या संग्रहाचं सरकारी म्युझियम आहे, तेही असंच एका माणसाच्या वेडातून झालेलं. आणि मागावर पैठणी विणताना बघायला मिळाली तर घाई करू नका. विणकराला विनंती करून पदराची मागची बाजू बघून घ्या. पुढून जशी नक्षी तशीच मागून. कारण प्रत्येक रंगाचा धागा ज्या त्या फुलापुरताच जातो आणि हातानं वळवून परत आणतात, मागं लोंबता धागा राहतच नाही. बांगडी मोर, मुनिया, असावली, नारळी काठ ही नक्षीची नावं घरातल्या बायांना पाठ असतात, पण तो मोर विणायला माणूस किती वेळा वाकतो हे मागाजवळ बसल्याशिवाय कळत नाही. पैठणीला २०१० मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, म्हणजे कुठंही विणून पैठणी म्हणून विकता येत नाही, असा कायदा आहे. संभाजीनगरचा हिमरू बघा, तो उलट, त्याच्या मागच्या बाजूला धागे सुटे दिसतात, सूत आणि रेशीम एकत्र, तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली तेव्हा विणकर इकडं आले असं सांगतात. पैठणी आणि हिमरू शेजारी ठेवून दोन्हीच्या पाठी बघितल्या तर डिझाइनचा एक अख्खा धडा होतो. उदगीर, देगलूरकडच्या लोकांना बिदर जवळ आहे, तिथली बिदरी भांडी, जस्त जास्त आणि तांबं थोडं, सोळाला एक असं प्रमाण, त्यात चांदीची तार ठोकतात आणि मग किल्ल्यातल्या जुन्या मातीच्या पाण्यात उकळून काळं करतात. चांदी तशीच राहते, बाकीचं काळंभोर होतं.

संभाजीनगरात सोनेरी महाल आहे, विद्यापीठाच्या मागच्या अंगाला डोंगराखाली. भिंतीवर सोन्याच्या पाण्यानं चित्रं काढलेली होती म्हणून ते नाव, आत पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे. महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालय आहे, शस्त्रं, चिलखतं बघायला पोरांना फार आवडतं. विद्यापीठाचं इतिहासाचं म्युझियम आहे, पैठणच्या उत्खननातलं बरंच तिथं आहे. वेळा आधी फोन करून विचारा. बीबी का मकबरा सगळे लांबून फोटो काढून येतात, जवळ जाऊन बघा की संगमरवर किती उंचीपर्यंत आहे आणि कुठून वर नुसता चुन्याचा घोटीव गिलावा सुरू होतो. गिलावा इतका घोटलाय की हात फिरवला तर दगड वाटतो. आणि तिथल्या मुख्य दरवाज्यावर बांधणाऱ्याचं नाव कोरलंय, अताउल्ला, आणि बरोबर हंसपतराय. अताउल्ला हा ताजमहालवाल्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. आम्ही पेंटर लोक बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव टाकतो ना, म्हणून मला ते नाव बघून फार बरं वाटतं. अजिंठ्याला रंगवणाऱ्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. दान देणाऱ्याचं आहे, राजाचं आहे, मंत्र्याचं आहे, रंगवणाऱ्याचं नाही.

नांदेड, परभणी, हिंगोलीच्या लोकांना मी दरवर्षी एकच सांगतो की मुंबईपेक्षा हैदराबाद गाठा. देवगिरी एक्स्प्रेस आहे, खर्च कमी, आणि १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो, आपल्या भागातलं कितीतरी तिकडं आहे. सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद असतं, बाकी दिवशी जा. बुरख्यातली रेबेका म्हणून संगमरवरी पुतळा आहे, इटलीच्या बेंझोनीचा, चेहऱ्यावर ओला पातळ पडदा पडल्यासारखा दिसतो आणि तो पडदाही दगडच. तिथलं एक घड्याळ बघायला तासाच्या ठोक्याला गर्दी होते, त्यात लहानगा माणूस येऊन घंटा वाजवतो. पण माझा सल्ला असा की पब्लिक गार्डनमधलं स्टेट म्युझियमही बघा, तिथं निजामाच्या काळात केलेल्या अजिंठ्याच्या नकला लावलेल्या आहेत. आधी अजिंठा बघून मग त्या नकला बघितल्या तर कळतं की उतरवणाऱ्यानं काय पकडलं आणि त्याच्या हातून काय सुटलं. सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते इथं.

मुंबई-पुण्याला लग्नकार्याला जाणं होतंच. तेव्हा एक दिवस काढा. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची, सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, तिकीट नाही. बरेच लोक बाहेरूनच परत फिरतात, आत जायला आपल्याला कुणी अडवेल असं वाटतं त्यांना. कुणी अडवत नाही. आत चित्रकार स्वतः बसलेला असतो, त्याला विचारा हा रंग कसा लावला, तो आनंदानं सांगतो, कारण तिथं नंबर लागायला त्यानं वर्षानुवर्षं वाट बघितलेली असते. पावसाळ्यात तिथं कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांचा मान्सून शो असतो, आपल्या भागातल्या पोरांची नावं त्यात शोधायची. शेजारीच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ पासून लोकांसाठी उघडं, तिथली लघुचित्रं बघताना भिंग असेल तर न्या, एका केसाच्या ब्रशनं काढल्यासारखी रेघ असते. औरंगाबादेतही सतराव्या शतकात अशी लघुचित्रं रंगवली जात होती. आधुनिक चित्रं बघायची तर जवळच नॅशनल गॅलरी आहे, सोमवार सोडून.

पुण्यात मात्र मी एकच म्हणेन, बाजीराव रोडचं राजा केळकर म्युझियम. दिनकर केळकरांनी घराघरांतून वस्तू जमवल्या, लहानपणीच वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं म्युझियम केलं आणि १९७५ मध्ये सगळं सरकारला देऊन टाकलं. वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत. अडकित्ते बघा, पोपटाचा अडकित्ता, घोडेस्वाराचा अडकित्ता, पाय घासायच्या वज्र्या, त्यांच्यावर मोर बसलेले, दिवे, समया, फण्या, शाईच्या दौती, लाकडी दारं. आमच्या आजीच्या चंचीत असायचा तसा अडकित्ता काचेआड बघून शेजारी उभी असलेली म्हातारी बाई आपल्या नातवाला सांगत होती की हे आपल्याकडंही होतं रे, भंगारात दिलं. डिझाइन म्हणजे मोबाईल आणि गाडीचंच असतं असं समजणाऱ्या पोरांना तिथं न्या. सुपारी कातरायच्या साध्या हत्याराला माणसानं किती जीव लावला ते दिसतं.

आता तक्रार. मराठवाड्यातल्या एका म्युझियमात (नाव घेत नाही, तिथला माणूस भला होता) पुतण्याला घेऊन गेलो तर आत लाईट नव्हती. त्या माणसानं खिडक्या उघडून दिल्या, स्वतःच्या मोबाईलची बॅटरी लावून एकेक मूर्ती दाखवली. पण पाटीवर काय, तर "मूर्ती, दगड". एवढंच. कुठं सापडली, कुणाची, कोणत्या काळातली, काही नाही. पुतण्यानं विचारलं काका हे कोण आहे, मी अंदाजानं सांगितलं. साहेब, एक पाटी लिहायला काय लागतं? पत्रा, दोन रंग आणि एक दिवस. चांगल्या, मोठ्या, मराठी अक्षरात पाट्या लिहा, मी तर म्हणतो जिल्ह्यातल्या पेंटरांकडून लिहून घ्या, आम्ही मजुरीही कमी लावू.

दुसरं म्हणजे जागा. जिल्ह्याच्या गावाला नाट्यगृह बांधतात, चांगली गोष्ट आहे, पण चित्रं लावायला एक भिंत, चार हूक आणि नीट उजेड असलेली खोली बहुतेक गावांत नाही. गावोगाव एटीडी (चित्रकला शिक्षकाचा कोर्स), फाउंडेशनची पोरं आहेत, वर्षअखेरीला त्यांचं काम कॉलेजात मांडतात, तेव्हा बघायला कोण येतं तर त्यांचेच मित्र. हजारो लेकरं दरवर्षी चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षेला बसतात, दहावीला वाढीव मार्क मिळतात म्हणून आईबाप पैसे भरतात. पण ए ग्रेड घेतलेल्या पोरानंही खऱ्या कॅनव्हासवरचा ब्रशचा फटकारा हातभर अंतरावरून बघितलेला नसतो. छापलेलं चित्र बघून चित्र शिकायचं, रंगाचा थर किती जाड असतो ते ठाऊकच नाही. मे महिन्यात शाळांचे हॉल रिकामे असतात, पंखे असतात, भिंती असतात. तालुक्याच्या ठिकाणी आठ दिवस तिथं स्थानिक चित्रकारांचं, रांगोळी काढणाऱ्या बायांचं, गोधड्या शिवणाऱ्यांचं, मूर्तिकारांचं काम मांडलं तर लोक संध्याकाळी ऊन उतरल्यावर येतील, नक्की येतील.

आईबापांना एक विनंती. म्युझियमात लेकरांना पळवत नेऊ नका. एक वही, एक पेन्सिल द्या, आणि तीनच वस्तू निवडायला सांगा. त्या तीन काढायच्या, वेड्यावाकड्या आल्या तरी चालतील. काढायला बसलं की माणूस खरं बघायला लागतो. आणि वस्तूपेक्षा सेल्फी मोठा होऊ देऊ नका.

आता आपल्याकडं मागणी. १८ मे हा जगभर म्युझियम दिन पाळतात. त्याच्या आधी, म्हणजे आतापासूनच, आठवड्यातून एकदा पेपरात छोटी चौकट द्या. मराठवाड्यातलं कोणतं म्युझियम कोणत्या वारी उघडं, किती ते किती, तिकीट किती, लाईट-पाण्याची सोय आहे का, एसटी कुठून, आणि कोणत्या गावात कुणाचं चित्रप्रदर्शन लागलंय. तुमचा तालुक्याचा वार्ताहर एक फोन करून हे काढू शकतो. कुठं बंद असेल तर बंद आहे असंही छापा, का बंद आहे तेही विचारा, छापून आलं की कुलूप उघडतं हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. मुंबई, पुणे, हैदराबादची मोठी प्रदर्शनंही त्यात द्या, आमचं त्यांच्याशी भांडण नाही, पण आधी आपलं द्या.

आणि चौकट सुरू केलीत तर पहिल्या आठवड्यात तेरचं नाव घ्या, हस्तिदंतातल्या त्या बाईचा फोटो मोठा छापा, रंगीत पानावर.

आपला नियमित वाचक,
एक बोर्ड पेंटर, परभणी